क्राऊन खोलण्याआधी

पिकअपच्या मागून आवाज यायला लागला की अड्ड्यावर एकच निदान होतं: ‘क्राऊन गेला.’ मग हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला लोखंडी डबा, खोललं जातं, क्राऊन-पिनियनचा (ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचा) नवा जोड बसतो, हजारोंचं बिल होतं आणि आठवड्याभरात तोच आवाज परत येतो. खरं तर क्राऊन-पिनियन आपणहून सहसा जात नाही. तेल कमी पडलं, पिनियनचा नट सैल झाला किंवा आधी कुणीतरी खोलून चुकीचं बसवलं, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी झिजणाऱ्या स्वस्त गोष्टी वाटेत आहेत: क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा), सेंटर बेअरिंग (लांब शाफ्टला मध्ये आधार देणारं), हबचं म्हणजे चाकाच्या मध्याचं बेअरिंग, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट आणि साधा टायर. म्हणून संशयितांच्या यादीत क्राऊन शेवटी ठेवायचा.

इथे मी बोलेरो पिकअप, योद्धा, डी-मॅक्स यांसारख्या गाड्या धरून लिहितोय. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांवर बसलेला सरळ अ‍ॅक्सल आणि लांब चॅसीवर दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारी फिरती नळी. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळे असतात. खाली दिलेले आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत.

आधी हिशोब, मग पाना

मागच्या यंत्रणेत प्रत्येक भागाचा फिरण्याचा वेग वेगळा असतो, आणि आवाज कुणाचा ते त्यावरूनच कळतं. २१५/७५ आर १५ चा टायर घ्या. त्याचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील तर रेशो ४.१, म्हणून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ३१ फेरे घेतो. आणि क्राऊनचे दात पिनियनला सेकंदाला ३०८ वेळा भिडतात.

आता आवाज ऐका. सेकंदाला सात-आठ ठोके पडत असतील तर दोष चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या भागात आहे: टायरचा फुगा, वेडंवाकडं ड्रम, हब, अ‍ॅक्सल शाफ्ट किंवा क्राऊनचा एखादा तुटका दात. सीट आणि फ्लोअर एकसारखे थरथरत असतील, ठोके मोजताच येत नसतील, तर ती ३१ च्या आसपासची प्रोपेलर शाफ्टची थरथर. तिच्या दुप्पट, म्हणजे ६० च्या पुढची गुंजन असेल तर क्रॉसचा कोन बिघडलाय, कारण कोनात चालणारा क्रॉस दर फेऱ्याला दोनदा वेग बदलतो. आणि सतारीच्या तारेसारखा एकच सूर लागला, जो वेग वाढला की चढतो, तर ती दातांची ओरड. मोबाइलमध्ये आवाजाची वारंवारता दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. फोन सीटवर ठेवून ताशी ६० ला रेकॉर्ड करा आणि शिखर ३०० च्या आसपास आहे की ३० च्या, एवढं बघा. (गाडी चालवणारा वेगळा, फोन बघणारा वेगळा.) कानाने होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

तुमच्या गाडीचा रेशो माहीत नसेल तर न्यूट्रलमध्ये एकच मागचं चाक उचला आणि हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण जितके फेरे घेईल तो रेशो.

रस्त्यावरची तपासणी

टायरची हवा चौकशी करून नव्हे, गेज लावून बरोबर करा. ट्रॉलीत नेहमीच्या निम्मा माल ठेवा, कारण रिकाम्या पिकअपचे पाटे उडतात आणि खोटे आवाज येतात. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून तेल गरम होऊ द्या. मग ताशी ५० ते ७० च्या दरम्यान चार प्रकारे ऐका: रेस देऊन ओढत असताना, रेस जेमतेम धरून, रेस एकदम सोडून, आणि क्लच दाबून न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलची तपासणी सरळ, मोकळ्या रस्त्यावर काही सेकंदच करायची. उतारावर आणि घाटात अजिबात नाही.

न्यूट्रल केल्यावर आवाज पूर्ण गेला आणि रेस दिल्यावर परत आला तर दातांचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा संशय. न्यूट्रलमध्येही तसाच राहिला तर टायर, हब किंवा शाफ्टचा बॅलन्स. मग तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये धरा. गिअर बदलल्यावर सूर बदलला तर भानगड गिअरबॉक्सच्या आत किंवा त्याच्या पुढे, क्लच-इंजिनकडे आहे. तसाच राहिला तर गिअरबॉक्सच्या मागे.

फक्त ओढताना येणारी ओरड आणि फक्त रेस सोडल्यावर येणारी ओरड यांत फरक आहे. ओढताना क्राऊनच्या दाताची एक बाजू काम करते, इंजिन ब्रेकिंगला दुसरी. ओढतानाच ओरडत असेल तर ती बाजू झिजलीय किंवा पिनियनची खोली, म्हणजे तो क्राऊनकडे किती आत बसतो ते, चुकलीय. रेस सोडल्यावरच ओरडत असेल तर आधी पिनियन पुढे-मागे हलतोय का ते बघा. नट सैल झाला किंवा बेअरिंगचा ताण गेला की हेच होतं. नाशिकचा भाजीपाला भरून कसारा उतरणाऱ्या गाड्यांत हा दोष घाटातच आधी ऐकू येतो, कारण तिथे गाडी बराच वेळ गिअरवर रोखलेली असते. दोन्ही वेळा ओरडतो, पण मधल्या स्थिर रेसला शांत असतो, असा क्राऊन बऱ्याचदा जुन्या-नव्याचा विजोड जोड असतो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि त्यांच्यावर जोडीचा नंबर असतो. एक जुना, एक नवा हा काटकसरीचा प्रकार कधीच जमत नाही.

टायरची ओळख सोपी आहे. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. लोखंडी दात रस्ता बघत नाहीत. हबच्या बेअरिंगची घरघर सरळ जाताना असते आणि गाडी हळूच डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होते. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, त्यामुळे तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या हबवर. आणि आवाज फक्त वळणावरच येत असेल, सरळ जाताना काहीच नसेल, तर डिफरन्शियलमधले (वळणावर दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतले) छोटे गिअर बघायचे. त्यांच्याकडे पुढे येतो.

घरी परतल्यावर लगेच दोन्ही मागच्या हबचं आणि हाउसिंगच्या पुढच्या नाकाचं, म्हणजे पिनियन बसतो त्या जागेचं, तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन हबमध्ये वीसेक अंशांचा फरक असेल तर काहीतरी गडबड आहे. पण ब्रेक लागून राहिलाय का हे आधी ठरवा, नाहीतर बेअरिंग बदलून हात पोळायचे.

‘ठक्’ कुठून येते

गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना मागे ठक् होते, ही पिकअपची सगळ्यात सामान्य तक्रार. इथेच क्राऊन सगळ्यात जास्त वेळा निरपराध ठरतो. ते आकड्यांत बघा. चांगल्या जोडाचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, क्राऊनच्या कडेला ०.१० ते ०.२० मिलिमीटर असतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या क्राऊनला ०.१५ धरला तर प्रोपेलर शाफ्टवर तो जेमतेम एक तृतीयांश अंश होतो. १०० मिलिमीटरच्या फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीच्या) कडेला हे अंतर ०.३ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल इतकं. मग शाफ्ट हाताने फिरवून आठ-दहा अंश मोकळा हलत असेल, तर तो सगळा खेळ क्राऊनच्या माथी मारता येणार नाही. बॅकलॅश दुप्पट झाला तरी एक अंशही भरत नाही. उरलेला खेळ डिफरन्शियलच्या छोट्या गिअरांत, त्यांच्या मागच्या वॉशरांत आणि अ‍ॅक्सल शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये (टोकावरच्या उभ्या खाचांमध्ये) असतो. त्यातला थोडा नव्या गाडीतही असतोच.

तपासायचं असं. सपाट जागा, चारही चाकं जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट पिळा आणि मागून पुढे प्रत्येक सांधा बघत या. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा मागे राहतो, असं दिसलं तर क्रॉस संपला, मग तो फरक कितीही थोडा असो. तिथे झीज ‘चालण्यासारखी’ नसते. क्रॉस वर-खालीही ढकलून बघा. कपाच्या, म्हणजे क्रॉसच्या टोकावरच्या टोपीच्या, कडेला लालसर गंजाची भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. हळू चालवताना रातकिड्यासारखी चिकचिक येते ती याचीच. ग्रीस निपल असेल तर चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तीनमधून आलं, एकातून आलं नाही, तर तो एक कप उपाशीच आहे आणि क्रॉस त्याच्याचमुळे तुटणार. पाण्यातून-चिखलातून जाणाऱ्या गाडीला हे ग्रीसिंग मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट न बघता पावसाळ्यात दर सर्व्हिसमध्ये करावं.

मग यू-बोल्ट. पाटे आणि अ‍ॅक्सल यांना बांधणारे हे बोल्ट सैल झाले की पाट्यांचा सेंटर बोल्ट सगळा मार खातो आणि तुटतो. अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. रेस दिल्यावर ठक्, ब्रेक मारल्यावर ठक्, आणि मागून बघितलं तर गाडी तिरकी चालतेय. डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन्हीकडे जवळपास सारखं यायला हवं. हे न बघता मी तरी कुणाला हाउसिंग खोलू देणार नाही.

उचलतानाची थरथर

माल भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना ताशी १० ते ३० च्या दरम्यान गाडी थरथरते आणि पुढे शांत होते. याचे दोन बाप: क्लच आणि सेंटर बेअरिंग. पेडल पूर्ण सोडल्यावर थरथर थांबली तर क्लच. पेडल सोडूनही चालू राहिली तर शाफ्ट. सेंटर बेअरिंग रबराच्या कड्यात लटकलेलं असतं. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं तेल गळून त्यावर पडलं की रबर फुगतं, मऊ होतं आणि फाटतं. पहार घालून शाफ्ट हलका वर-खाली उचला. रबरात चीर उघडताना दिसली की बदला. बदलताना ब्रॅकेटखालच्या पट्ट्या, जितक्या निघाल्या तितक्याच आणि त्याच जागी परत घाला. त्या कोन जुळवण्यासाठी असतात, उरलेलं सामान म्हणून टाकून देण्यासाठी नाही.

कोनाचा विषय निघाला म्हणून सांगतो, जास्त माल बसावा म्हणून जादा पाटा टाकला की मागचा अ‍ॅक्सल खाली ढकलला जातो आणि पिनियनचा कोन बदलतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांच्या एका अंशाच्या आत असले पाहिजेत, आणि प्रत्येक कोन तीनेक अंशांपलीकडे गेला की वेगात थरथर सुरू होते. पाटा टाकल्यानंतर दोन महिन्यांनी क्रॉस जातो तेव्हा दोष क्रॉसच्या कंपनीला दिला जातो. गाडी नेहमीच्या मालासह उभी करून मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपने गिअरबॉक्सच्या फ्लँजचा, शाफ्टचा आणि पिनियनच्या फ्लँजचा उतार मोजता येतो. याच कारणाने जॅकवर तपासताना घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) चॅसीखाली न लावता अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावायच्या. अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर कोन विचित्र होतात आणि नसलेला दोष दिसायला लागतो.

शाफ्ट काढण्याआधी प्रत्येक जोडावर पंचाने खूण करा. सरकणारा स्प्लाइन एक दात जरी चुकला तरी दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत, आणि गाडी आणली होती त्यापेक्षा जास्त हलते. ताशी ६०-८० च्या एका ठरावीक पट्ट्यातच थरथर असेल तर बॅलन्सचं मशिन शोधण्याआधी शाफ्ट धुऊन काढा. काळ्या मातीचा एक वाळलेला गोळा बॅलन्स बिघडवायला पुरतो. शाफ्टच्या नळीवर पोचा आहे का, वेल्ड केलेली वजनाची पट्टी उडून तिची नुसती खूण उरलीय का, हेही तेव्हाच दिसतं.

तेल खोटं बोलत नाही

हाउसिंगमध्ये तेल भरण्याचा नट आधी उघडा, मग तेल सोडण्याचा खालचा. उलट केलंत आणि वरचा नट गंजून अडकला तर गाडी रिकाम्या हाउसिंगने उभी राहील. तेलाची पातळी भरण्याच्या भोकाच्या ओठापर्यंत हवी. बोट घालून खाली शोधावं लागलं तर कमी आहे. या वर्गाच्या अ‍ॅक्सलमध्ये साधारण दीड ते अडीच लिटर बसतं. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, बहुधा ८० डब्ल्यू ९० किंवा ८५ डब्ल्यू १४०, पण जीएल-५ (डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा दर्जा) असलंच पाहिजे, कारण पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसतो आणि दात एकमेकांवर घसरत चालतात. ती घसरण सोसणारी रसायनं जीएल-४ मध्ये कमी असतात. उलट जीएल-५ मागचापुढचा विचार न करता गिअरबॉक्समध्ये ओतलं तर पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होऊ शकतो. ‘९० नंबर द्या’ एवढंच सांगून आणलेल्या डब्यावर जीएल कितवा ते वाचा.

चुंबकी नटावर काळपट, मलमासारखा लेप असणं ठीक. बोटांत चोळून खडे लागले, चपट्या चकाकत्या पापड्या दिसल्या, तर बेअरिंग किंवा दात सोलतोय. तेल दुधी झालंय म्हणजे पाणी शिरलं. पाणी कसं शिरतं तर अ‍ॅक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, असतो. गरम हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलच्या ओठांतून पाणी ओढते. हाच बुजलेला ब्रीदर उन्हाळ्यात उलटं काम करतो: आत दाब वाढतो आणि तेल पिनियनच्या सीलमधून, ड्रममध्ये, मिळेल तिथून बाहेर येतं. एकापेक्षा जास्त सील एकदम गळायला लागले तर ते सगळे एका दिवशी म्हातारे झाले असं समजू नका. ब्रीदर काढून डिझेलने धुवा, फुंकून बघा. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं असेल तर मात्र पेट्रोलने पुसून भागत नाही, दोन्ही बाजूंचे लायनर बदला.

पिनियनचं सील बदलणं

धडधाकट क्राऊन गॅरेजमध्ये मरतो तो इथे. सील बदलायचं काम अर्ध्या तासाचं वाटतं: नट काढला, फ्लँज ओढला, सील ठोकलं, नट एअर गनने खणकन आवळला. पण त्या नटानेच पिनियनच्या दोन बेअरिंगांवरचा ताण ठरतो. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये आत एक चेंगरणारा स्पेसर असतो. नट जास्त आवळला तर तो जास्त चेंगरतो, बेअरिंग घट्ट होतं आणि तापून निळं पडतं. नंतर नट मागे फिरवून उपयोग नसतो, स्पेसर परत फुगत नाही. कमी आवळला तर पिनियन हलतो आणि रेस सोडल्यावरची ती ओरड सुरू होते.

बरोबर रीत अशी. चाकं आणि ड्रम उतरवा, शाफ्ट सोडा. फ्लँजला दोरी गुंडाळा, तिला स्प्रिंगचा काटा लावा आणि फ्लँज सावकाश फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, फिरतानाचा आकडा घ्यायचा. ५ सेंटिमीटर त्रिज्येवर ३ किलो म्हणजे साधारण दीड न्यूटन-मीटर. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत खूण करा आणि नट किती आटे बाहेर आहे ते मोजा. सील बसवल्यावर नवा नट थोडा-थोडा आवळत, मध्ये फ्लँज फिरवत, काटा आधीच्या आकड्याच्या किंचित वर येईपर्यंत जा. मोजलेल्या आट्यांच्या जवळ आलात की हात आवरता घ्या. काही अ‍ॅक्सलमध्ये चेंगरणाऱ्या स्पेसरऐवजी पक्का स्पेसर आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असतात. तिथे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचा असतो.

डिफरन्शियलचे छोटे गिअर

शेतात एक चाक चिखलात अडकलं आणि ड्रायव्हरने रेस दाबून धरली, की हे गिअर मरतात. स्पीडोमीटर ६० दाखवतोय आणि एक चाक थांबलेलं आहे, याचा अर्थ दुसरं चाक १२० ने फिरतंय. एरवी वळणावर नावाला हलणारे हे गिअर तेव्हा आपल्या पिनवर अखंड फिरतात, तिथलं तेल उडून जातं आणि पिन चावली जाते. पुढे वळणावर कटकट सुरू होते. ऊस किंवा कांदा भरून निघताना चाक फिरायला लागलं की उतरून फळी घाला. काही पिकअपमध्ये आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल असतं. तशा गाडीत एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका, लॉक लागला की गाडी जॅकवरून उडी मारते.

गिअर टाकला, शाफ्ट फिरतो, गाडी जागची हलत नाही: हा बहुधा तुटलेला अ‍ॅक्सल शाफ्ट. हबच्या मध्यभागी बोल्टांचं कडं असलेली टोपी बाहेरून दिसत असेल तर अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग आहे, चाक हबवर टिकून राहतं आणि शाफ्ट बाहेरच्या बाहेर निघतो. ते कडं नसेल तर चाक शाफ्टवरच उभं आहे आणि गाडी ओढणंसुद्धा धोक्याचं. दोन्ही प्रकारांत अशी गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर थांबत नाही, आधी ठोकळे लावा. तुटलेलं तोंड बघा. स्प्लाइन दोरीसारखे पिळलेले असतील तर क्लच झटक्यात सोडल्याचा तो परिणाम. तोंडावर शिंपल्यासारख्या वलयांच्या रेषा असतील तर चीर खूप दिवसांची आहे. आत राहिलेला तुकडा काढल्याशिवाय नवा शाफ्ट घालायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

खोलायची वेळ आलीच तर

जुने सगळे पुरावे जुळले, तरच. बाहेर काढण्याआधी बॅकलॅश डायल गेजने क्राऊनच्या चार ठिकाणी घ्या. चारही आकड्यांत फार फरक असेल तर क्राऊन वाकडा बसलाय किंवा त्याचे बोल्ट सैल आहेत. जुळणी करताना आठ-दहा दातांना प्रशियन ब्लूचा (दात कुठे टेकतात त्याचा ठसा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात लावा, क्राऊनवर लाकडाने थोडा रोध देऊन पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या शेंड्याकडे आला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाशी आला तर फार आत. आतल्या अरुंद टोकाला गेला तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ, बाहेरच्या रुंद टोकाला गेला तर लांब. आधी पिनियनचे शिम, मग क्राऊनची बाजू, आणि प्रत्येक बदलानंतर ठसा परत. कंटाळा येतो, पण ही पायरी गाळणाऱ्याची गाडी आवाजासकट घरी जाते.

नव्या जोडाला पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं रिकामं चालवून पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण माल नको. मग तेल बदला, आणि त्याच वेळी यू-बोल्टचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला परत आवळा, गाडी जॅकवर नव्हे, चाकांवर उभी असताना.